आकड्यात होतो, वर्गात नव्हतो

युद्धस्मारक म्हटले की आंबेडकरी माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा भीमा कोरेगावचा स्तंभ उभा राहतो, आणि ते साहजिकच आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले आणि कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारलेला तो दगड आपला झाला. आज दरवर्षी लाखोंचा समुदाय तिथे मानवंदना देतो. पण मित्रांनो, तिथून गावी परतल्यावर आपल्या गावच्या जुन्या शाळेच्या, चावडीच्या भिंतीत काय बसवलेले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

पहिले महायुद्ध संपल्यावर ज्या गावांतून जास्त माणसे फौजेत गेली, त्या गावांत ब्रिटिश सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात त्या आजही सापडतात. मजकूर जवळपास सगळीकडे सारखा: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही, फक्त दोन आकडे.

अशीच एक पाटी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका गावात, बंद पडलेल्या शाळेच्या भिंतीत आहे. गेलेले २१, न परतलेले ४. गेले वर्षभर आम्ही पाच-सहा कार्यकर्ते त्या पाटीच्या मागे लागलो आहोत. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथला वाद अजून मिटलेला नाही आणि आम्हाला तो बाहेरून पेटवायचा नाही, गावातच सोडवायचा आहे. पण त्या कामातून जे प्रश्न उभे राहिले ते एका गावाचे नाहीत, म्हणून हा लेख.

कोरेगावला नावे, गावात आकडे

कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते २२ जण महार होते. हा इतिहास आपल्याला नेमका सांगता येतो, कारण तिथे नावे कोरलेली आहेत. आकडा कोरला असता तर आज कोणीही उठून म्हणाला असता की तिथे महार नव्हतेच. नाव असले की जात लपवता येत नाही आणि श्रेयही लाटता येत नाही.

शंभर वर्षांनी काय झाले? पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे समुद्रापलीकडे गेली. सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. युद्ध चालू असतानाच, १९१७ साली, मृत सैनिकांच्या थडग्यांसाठी व स्मारकांसाठी ब्रिटिशांनी एक आयोग नेमला. त्याचे तत्त्व असे की हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताची नावानिशी नोंद व्हावी. तत्त्व उत्तम होते. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे कोरलीही गेली. पण इराकमधल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे आली, आणि भारतीयांमध्ये मात्र फक्त अधिकाऱ्यांची. साध्या भारतीय शिपायांचा रेजिमेंटवार आकडा टाकला. २०२१ साली याच आयोगाने नेमलेल्या समितीने कबूल केले की आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान पद्धतीने झाले, आणि त्याशिवाय किमान १ लाख १६ हजारांची नावानिशी नोंद झालीच नाही किंवा त्यांचे कसलेच स्मरण झाले नाही.

शिपायांच्या बरोबरीने गेलेल्यांचा हिशेब तर आणखी वाईट. खेचरे हाकणारे, ओझी वाहणारे, भंगी, भिस्ती, मजूर अशी साडेपाच लाखांवर माणसे त्या युद्धात राबली. युद्धानंतर दिलेले ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचे मिळे आणि मजूर पलटणीतल्या माणसाला ब्राँझचे. म्हणजे बंदूक उचलली तर चांदी, ओझे उचलले तर ब्राँझ. श्रमाची उतरंड आपल्या समाजाला काही नवी नव्हती, साम्राज्याने ती धातूत ओतून दिली एवढेच.

गावच्या पाटीवरचा आकडा या सगळ्याचा शेवटचा टप्पा. त्या आकड्यात कोणत्या वाडीतले किती हे समजत नाही. मग गावात शंभर वर्षे काय सांगितले जाते? 'आमच्या गावातून २१ शूर गेले.' त्यातला 'आमच्या' हा शब्द कोणासाठी आहे, हे गावातल्या ज्याच्या हाती माईक असतो तो ठरवतो. आठवण एकट्या माणसाच्या डोक्यात राहत नाही, ती ज्या गटात आपण राहतो त्याच्या चौकटीत घडते, हे मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे म्हणणे आम्ही एम. ए. ला परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ गावात काम करायला लागल्यावर कळला. ज्या गटाच्या हातात गावाची चावडी, देऊळ आणि शाळा, त्याचीच आठवण गावाची आठवण होते.

पलटणीतली शाळा आणि गावातली शाळा

पाटी शाळेच्या भिंतीत आहे हे आम्हाला महत्त्वाचे वाटते, कारण फौज आणि शाळा यांचे नाते आपल्या समाजाच्या इतिहासात फार खोल आहे.

कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना सक्तीचे शिक्षण होते, आणि अस्पृश्यांच्या जागृतीत त्या शिक्षणाचा वाटा मोठा आहे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीतल्या शाळेचे हेडमास्तर होते. गावात ज्या जातीच्या मुलाला पाटीला हात लावू देत नव्हते, त्याच जातीचा माणूस पलटणीत मास्तर झाला होता! गावात आणि पलटणीत माणूस तोच होता, फरक नियमाचा होता. नियम बदलला की 'जन्मजात अडाणी' म्हणून हिणवलेला माणूस एका पिढीत शिक्षक होतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

पण ही शाळा पलटणीपुरती होती. पेन्शन घेऊन माणूस गावी आला की पुन्हा गावाचा नियम लागू. दापोली ही तेव्हा पेन्शनर शिपायांची मोठी वसाहत. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त होऊन तिथेच राहिले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला दापोलीतल्या महार आणि चांभार पेन्शनरांनी आपल्या मुलांना सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. उत्तर काय मिळाले? मुलांनी व्हरांड्यात बसावे. सरकारसाठी जीव धोक्यात घातलेल्या बापाच्या मुलाला सरकारच्या शाळेचा उंबरा ओलांडता येईना.

सुभेदाराच्या मुलाचे काय झाले तेही आपण जाणतोच. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे, आणि तहान लागली की शिपायाने नळ सोडेपर्यंत वाट पाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे लिहिले आहे. वडिलांच्या खांद्यावर सुभेदाराचा बिल्ला आणि मुलाच्या बगलेत गोणपाट!

मधल्या काळात ती पलटणीची वाटही बंद झाली. 'लढाऊ जाती'चा सिद्धांत काढून १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबवली गेली. वलंगकरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. सरकार हलले नाही. मग युद्धात माणसे कमी पडायला लागली आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. कालपर्यंत 'लढाऊ नसलेली' जात गरज पडताच लढाऊ झाली, आणि गरज संपताच १९२१ साली पलटण मोडली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. सुरुवातीला तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता.

पडवीतली पोरे

आता त्या गावच्या शाळेकडे या. आधी लोकल बोर्डाची, १९६२ नंतर जिल्हा परिषदेची. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, दोन खोल्या आणि पुढे लांब पडवी. पट घसरत गेला, कारण निम्मे गाव मुंबईला. शेवटी उरलेली मुले शेजारच्या गावच्या शाळेत जोडली आणि इमारतीला कुलूप लागले. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याची भाषा २०२३ पासून आपण ऐकतोच आहोत. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, असे शिक्षण हक्काचे नियम सांगतात. कोकणातला डोंगर चढून जाणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला हा किलोमीटर कोण मोजून देणार, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

संगमरवरी पाटी पडवीच्या भिंतीत आहे. तिच्यावर वर्षानुवर्षे आधी चुना, मग डिस्टेंपर, मग निळा ऑइलपेंट बसला होता. जवळ जाऊन हात फिरवला तरच अक्षरे लागत.

बौद्धवाडीतल्या एका आजीला आम्ही या पाटीबद्दल विचारले. वय नव्वदीच्या आसपास. त्यांनी पाटीबद्दल नाही, पडवीबद्दल सांगितले.

"आमचे हे त्या पडवीतच शिकले, चौथीपर्यंत. आत नाही घेत. पाऊस लागला की पागोळ्या अंगावर. गुरुजी आतून लिहायला सांगायचे, आणि पाटी तपासायची तर काठीने ओढून घ्यायचे, काठीनेच परत ढकलायचे."

"आणि आजी, भिंतीवरची ती पाटी?"

"ती काय, डोक्यावरच होती. ह्यांचा बाप गेला होता ना लढाईला. तो आला परत. त्याचाच पोरगा त्या पाटीखाली बसायचा."

आम्ही वहीत लिहीत होतो ते थांबलो. समाजशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाने आम्हाला जातिव्यवस्था इतक्या थोडक्यात सांगितली नव्हती. भिंतीवरच्या पाटीत बाप मोजलेला, आणि त्याच भिंतीबाहेर पोरगा हातात पाटी घेऊन बसलेला. फौजेत किती माणसे दिली हे इंग्रजाला दाखवायचे तेव्हा गाव आम्हाला आकड्यात धरते. तोच आकडा शाळेत बसायला गेला की गाव त्याला पडवीत ठेवते. आकड्यात होतो, वर्गात नव्हतो.

आणि हे कायदा नव्हता तेव्हाचे नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी पुढे महाडचा सत्याग्रह करावा लागला. आजींचे यजमान शाळेत गेले ते या ठरावानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. म्हणजे ठराव मुंबईत झाला, चवदार तळ्याचा लढा शेजारच्या जिल्ह्यात झाला, पण पडवी जिथल्या तिथे.

पाटी कशी साफ केली

इतर गावांतल्या कार्यकर्त्यांना उपयोग होईल म्हणून थोडे कामाचे बोलतो.

पहिल्यांदा ग्रामपंचायतीला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग साधे पाणी, मऊ ब्रश आणि लाकडी पट्टी. रंगाचे थर ओले करून हळूहळू सोडवायचे. अॅसिड लावायचे नाही, तारेचा ब्रश नाही, पॉलिश मशीन नाही. संगमरवर अॅसिडने खातो आणि कोरीव अक्षरांच्या कडा जातात. अक्षरांत सोनेरी रंग भरायचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळायचा. जुनी भिंत चुन्यातली असेल तर पाटीच्या कडेने सिमेंट थापायचे नाही. सिमेंट ओल आत कोंडून धरते आणि पाटी सुटते. चार रविवार लागले. बौद्धवाडीच्या मुंबई मंडळाने साहित्याचा आणि चहापाण्याचा खर्च केला.

दुसरे काम नावांचे, आणि खरे काम तेच. युद्धस्मारक आयोगाची मृतांची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. त्यात काही नोंदींपुढे बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असते. इंग्रजांनी गावांची नावे कानाने ऐकून लिहिली, म्हणून एकच नाव पाच-सहा प्रकारे टाकून शोधावे लागते. चारपैकी तिघांची नावे अशी मिळाली. त्यांतला एक बौद्धवाडीतला. त्याच्या घरच्यांना हे शंभर वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

परत आलेल्यांसाठी घराघरातल्या ट्रंका उघडायला लावल्या. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंतीवर नसलेले नाव पदकाच्या कडेवर सापडते! पण चांदीची पदके दुष्काळात, लग्नात, आजारपणात सोनाराकडे गेली, वितळली. त्यामुळे पेन्शनचे कागद, जुने फोटो, सातबाऱ्यावरच्या वारसनोंदी, म्हाताऱ्यांची तोंडी वंशावळ हे सगळे जोडत बसावे लागते. आपल्या समाजात आडनावे बदलली, 'नाक' गेले, कोणी गावाचे नाव लावले. आज ज्यांची तीन वेगवेगळी आडनावे आहेत ती तीन घरे एकाच शिपायाची नातवंडे निघाली. बौद्धवाडीतून सात जण गेले होते, इतके आता खात्रीने सांगता येते. नावे आम्ही इथे देत नाही. घरच्यांचे म्हणणे आहे की आधी भिंतीवर, मग बाकी ठिकाणी. ते आम्हाला मान्य आहे.

तिसरे काम, आणि हे प्रत्येक बंद शाळेबाबत आजच करा: शाळेचे जुने जनरल रजिस्टर कुठे गेले ते विचारा. शाळा बंद झाली की कपाट हलते, आणि कपाट हलले की कागद वाळवीला जातात. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि गरिबाच्या घरी तो पुरावा म्हणजे आजोबाच्या शाळेची नोंद. ज्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात 'महार' लिहून आजोबाला पडवीत बसवले, त्याच रकान्यावर आज नातवाची स्कॉलरशिप अडते किंवा सुटते. रजिस्टर केंद्रशाळेत आहे की गटशिक्षणाधिकारी कार्यालयात, हे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ते रजिस्टर हेही एक स्मारकच आहे, आणि त्यात नावे आहेत.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा: 'इंग्रजांच्या फौजेत गेलेल्यांचे कौतुक कशाला? ते तर भाडोत्री.' हा प्रश्न फक्त आपल्यालाच का विचारला जातो? त्या २१ जणांत सात आमचे, मग बाकीचे चौदा कोणाचे? सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. गावाच्या नावाला आज 'मिलिटरी' जोडलेले आहे आणि त्याचा सगळ्यांना अभिमान आहे, असायलाच हवा. १९१८ साली खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या फौजेसाठी भरती करायला गांधीजी गावोगाव फिरले होते. भारतीयांना अधिकाऱ्यांच्या जागा देणार असाल तर भरतीला मदत करतो, ही टिळकांची भूमिका होती. मग देशद्रोहाचा प्रश्न महारवाडीच्याच दारात का येऊन बसतो? ज्याला गावात पाणी नाही, शाळा नाही, जमीन नाही, त्याने पगार, पेन्शन आणि मुलांसाठी अक्षर देणारी नोकरी धरली. जाब विचारायचाच असेल तर ज्यांनी दुसरी वाट ठेवली नाही त्यांना विचारा.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच तरुणांचा, आणि तो आम्ही जास्त गंभीरपणे घेतो: 'आपण बौद्ध. मग युद्धाच्या पाट्या कशाला पुसायच्या? शौर्याची नशा आपल्याला कुठे नेणार?' प्रश्न योग्य आहे. मिशीला पीळ देणारे स्टेटस टाकून आंबेडकरी चळवळ पुढे जात नाही. पण युद्धाचे स्मरण म्हणजे युद्धाचा गौरवच असतो असे नाही. सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख पाहा. कलिंगात दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी पटीने मेली, हे राजाने स्वतः दगडावर लिहवून ठेवले, आणि पुढे आपला पश्चात्ताप लिहिला. ज्यांची माणसे गेली त्या मागे राहिलेल्यांचे दुःखही त्यात आहे. जिंकलेल्या राजाने असे लिहून ठेवले, हा बुद्धाच्या विचाराचा परिणाम. आम्हाला पाटी हवी आहे ती या अर्थाने. मृताच्या घरी ब्रिटिश सरकार ब्राँझची एक मोठी चकती पाठवत असे. तिच्यावर मृताचे नाव, आणि तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला अशा अर्थाचे वाक्य. कोणाचे स्वातंत्र्य आणि कोणाचा सन्मान? बापाला परदेशात मरण आणि पोराला गावात पडवी! हे दुःख नीट मांडणे हे बौद्धाचे काम आहे, ते विसरणे नाही.

तिसरा आक्षेप गावाचा. पाटी साफ झाली तेव्हा सगळे गाव खूश होते. पंधरा ऑगस्टला हार घातला, फोटो निघाले. मग आम्ही फलकाचा मसुदा ठेवला. पाटीशेजारी साध्या फलकावर मिळाली तेवढी सगळी नावे, वाडीवार नाही, अकारविल्हे. आणि खाली दोन वाक्ये: 'या शाळेच्या पडवीत गावातील अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांना वेगळे बसवले जात असे. त्यांपैकी काहींचे वडील वरील पाटीवरील आकड्यात आहेत.'

नावांना विरोध झाला नाही. दोन वाक्यांना झाला. गावातले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना आम्हीही तात्या म्हणतो आणि जे साफसफाईच्या चारही रविवारी हजर होते, ते म्हणाले, "बाळांनो, जुनं कशाला उकरून काढता? आता गावात सगळं बरं चाललंय. उगाच मनं दुखावतील."

तात्यांच्या मनात वाईट नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तात्या, १९१४ सालचे जुने चालते आणि १९४० सालचे जुने चालत नाही, असे कसे? दोन्ही एकाच भिंतीवर घडले. त्या वाक्यांत कोणाचे नाव नाही, कोणत्या गुरुजींचे नाही, कोणत्या घराचे नाही. जे झाले तेवढेच आहे. ज्याच्या पाठीवर पागोळ्या पडल्या त्याचे मन ऐंशी वर्षे कोणी विचारले नाही, आणि आज दोन वाक्यांनी कोणाची मने दुखावणार? नुसत्या 'वीर जवानांना अभिवादन' अशा फलकावर बौद्धवाडीची सात नावे टाकून गप्प बसणे म्हणजे पुन्हा आकड्यात जाणे, फक्त या वेळी अक्षरांत.

आमची मागणी

विषय आता १ मेच्या ग्रामसभेसमोर आहे. आमच्या तीन मागण्या आहेत. फलकावर नावे आणि ती दोन वाक्ये, दोन्ही हवीत. शाळेची इमारत कोणाचे गोदाम होऊ नये, तिथे अभ्यासिका व्हावी, आणि तिच्या आतल्या खोलीत सगळ्या वाड्यांची मुले बसावीत. आणि जुन्या रजिस्टराची प्रमाणित प्रत ग्रामपंचायतीत राहावी.

ठराव फेटाळला गेला तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडू, त्याच्याही पुढच्या सभेत मांडू. बौद्धवाडीतल्या बाया यंदा पहिल्यांदाच ग्रामसभेला संख्येने येणार आहेत. आजीही येणार म्हणतात. त्यांना उचलून आणावे लागले तरी आणू, कारण त्या पडवीची साक्ष देणारे माणूस गावात आता एवढेच उरले आहे.

वाचकांना आमचे सांगणे इतकेच की आपापल्या तालुक्यात बंद पडलेल्या शाळांची यादी करा. भिंती पाहा, रंगाखाली हात फिरवून पाहा. पाटी सापडली तर लगेच घासायला घेऊ नका. आधी वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे जा, मोबाईलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा, तारीख आणि वेळ टाकून ठेवा. दगड आणखी शंभर वर्षे थांबेल, माणूस पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबेल याची खात्री नाही. नावे शोधा, ती सगळ्या वाड्यांची शोधा, कारण चौदा घरांनाही त्यांचे पणजोबा नावानिशी मिळायला हवेत. आणि नाव मिळाले की त्याच्या शेजारी त्याच्या मुलाला कुठे बसवले होते हेही लिहा.

बाबासाहेबांनी आपल्याला इतिहास विसरू नका असे सांगितले ते मिरवण्यासाठी नव्हे. ज्या समाजाची नावे भिंतीवर नसतात, त्याला त्याच भिंतीच्या आत जागा मागताना पुन्हा पहिल्यापासून भांडावे लागते. ते भांडण पुढच्या पिढीने आपल्यासारखे शून्यातून करू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

जयभीम! नमो बुद्धाय!